मामांचं पोट

पुनावळ्याला फ्लॅट घेतला तेव्हा मला हॉलपेक्षा, गॅलरीपेक्षा जास्त कौतुक होतं ते दोन संडासांचं. त्याआधी आम्ही काळेवाडीत भाड्याच्या खोल्यांत राहायचो. तिथं मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एकच होता, आणि चाकणच्या कंपनीची बस माझी जितक्या वेळा चुकली तितक्या वेळा त्या रांगेपायीच चुकली. नव्या घरात ही कटकट संपली असं मी धरून चालले होते. मग सासरे राहायला आले.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. आमच्या लातूरकडे तीच रीत. मामांनी उभा जन्म गावात पिठाची गिरणी चालवली. त्या घरघरीत कान गेले ते गेलेच. कानाचं यंत्र आणून दिलं तर ते त्यांनी डबीत घालून ट्रंकेत ठेवून दिलं. स्वतः ओरडून बोलायचे आणि समोरच्यालाही ओरडायला लावायचे. सासूबाई गेल्यावरही गाव सोडायला तयार नव्हते. पण एक दिवस गिरणीच्या ओट्यावरून उतरताना पाय निसटला, बसल्या जागी आपटले आणि कमरेचा मणका चेपला. लातूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हणून सांगितलं. कमरेला रुंद पट्टा, विश्रांती, दुखण्यावर जरा जड गोळ्या, हाडांसाठी कॅल्शियम, रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या. गावात बघायला कुणी नव्हतं. नवऱ्यानं गाडी करून त्यांना इकडं आणलं.

पहिला आठवडा मी दुखण्याकडंच बघत होते. रात्री झोप लागते का, कूस बदलता येते का, गोळ्या वेळेवर जातात का. पोटाचा विचार माझ्या डोक्यातही आला नाही. आला तो सकाळी एका संडासात नवरा आणि दुसऱ्याचं दार उघडेना म्हणून. मी पाचला उठायचे, डबे करायचे, आणि साडेसहाच्या बसला खाली उतरायचे. मामा माझ्याही आधी उठून आत जाऊन बसलेले असायचे. मधूनमधून कण्हण्याचा आवाज, मग फ्लशचा आवाज, मग पुन्हा कण्हणं. बाहेर आले की घामाघूम, चेहरा उतरलेला. चहा अर्धा ठेवायचे. जेवायला बसले की दोन घास खाऊन ताट पुढं सरकवायचे, तोंडाला चव नाही म्हणायचे, आणि संध्याकाळी गॅलरीत बसून थुंकत राहायचे.

मला कळत होतं. पण सुनेनं सासऱ्याला काय विचारायचं आणि कसं? आमच्यात अजून बोलणंसुद्धा आडून असायचं. चहा हवा असेल तर ते भिंतीला सांगायचे, "चहा झाला आसंल तर बगा मनावं." अशा माणसाला मी संडासाचं विचारणार.

मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही विचारा."

"काय विचारू? माणूस संडासला जातो, त्यात विचारायचं काय असतं?"

"जातात. पण होत नाही."

"तुला काय माहीत होत नाही?"

शेवटी सुट्टीच्या दिवशी त्यानं संडासाच्या दारातच विचारलं. मामांना ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, जरा जोरात. मग आणखी जोरात. आमच्या इमारतीत सगळ्या संडासांच्या खिडक्या हवेसाठी सोडलेल्या एकाच डक्टमध्ये उघडतात. त्या दिवशी तो प्रश्न वरपासून खालपर्यंत सगळ्यांना विचारून झाला. मामांनी चेहरा दगडासारखा केला आणि म्हणाले, "होतंय की."

हे "होतंय की" पुढं किती ऐकलं याला गणती नाही. त्याचा अर्थ होतंय असा नव्हता. विषय बंद करा, एवढाच होता.

शेजारच्या काकू दुसऱ्याच दिवशी पपई घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांचा हेतू चांगला होता. पण मामांना पपई कुणी आणि का दिली हे कळलं तेव्हा त्यांनी ती ताटाबाहेर काढून ठेवली. मग मी ती डब्यात नेली आणि कंपनीत आम्ही चौघींनी खाल्ली.

पाण्याचं तर बोलायलाच नको. मी सकाळी निघताना दोन बाटल्या भरून त्यांच्या उशाशी ठेवायचे. संध्याकाळी येऊन बघायचे तर दोन्ही रिकाम्या. मला बरं वाटायचं. गॅलरीत माझी कोरफडीची कुंडी होती. तिची पानं एकाएकी पिवळी पडून लिबलिबीत झाली. कोरफड म्हणजे विसरून गेलं तरी जगणारं झाड. माती चाचपली तर नुसता चिखल. मामा माझं पाणी नेमानं कोरफडीला घालत होते.

"मामा, पाणी का नाही पीत?" मी ओरडून विचारलं.

"पिलं की उठावं लागतंय," ते म्हणाले. "उठलं की कमर धरती. तुमचं पानी, माजं दुखनं."

त्यात खोटं काही नव्हतं. पण मग निदान सांगायचं होतं. मी कंपनीत रबरी सील तपासायचं काम करते. खराब माल खराब आहे हे बघताक्षणी दिसतं, तो बाजूला काढायचा, संपलं. घरी मात्र सगळा माल वरून चांगला दिसायचा.

मग नणंदबाईंचे फोन सुरू झाले. त्या गावाजवळच असतात. त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. बहुधा मामांनीच, कारण लेकीशी फोनवर बोलताना ते दार लावून घ्यायचे आणि तरी शब्दन् शब्द बाहेर ऐकू यायचा. नणंदबाईंनी आधी एरंडेल सांगितलं. मग मनुका भिजवून. मग गरम दुधात तूप. मग कुणातरी वैद्याचं चूर्ण त्यांनी एसटीच्या पार्सलनं पाठवलं, ते सोडवायला नवरा शिफ्ट संपवून वल्लभनगरच्या स्टँडवर गेला. प्रत्येक उपाय दोन दिवस चालायचा. काही झालं नाही की नणंदबाई म्हणायच्या, "तू नीट देत नसशील."

मी नीटच देत होते. इसबगोलाचं उदाहरण घ्या. मेडिकलवाल्यानं सांगितलं होतं, मोठ्या पेल्यात कालवून लगेच प्यायचं, वर आणखी पाणी. मी तसं दिलं. मामांना तो बुळबुळीत पेला बघूनच ओकारी आली. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेल्यावर त्यांनी आपली पद्धत काढली. पुडी उघडायची, कोरडा कोंडा तोंडात टाकून फक्की मारायची आणि घोटभर पाण्यावर उतरवायची. मला हे कळलं ते नवऱ्याची दुसरी पाळी लागली तेव्हा, कारण दुपारपर्यंत तो घरी होता आणि त्यानं डोळ्यांनी पाहिलं. रात्री सहज बोलता बोलता मला सांगितलं.

"अहो, मग थांबवायचं ना."

"त्यांना आवडतं तसं. घेतात तरी."

वर चूर्णही चालू होतं. चमचाभर सांगितलेलं असताना मामा अंदाजानं ओतून घ्यायचे. पोटात कळ यायची, धावत आत जायचे, आणि रिकामे बाहेर यायचे. मग म्हणायचे, "खुर्चीवर बसून कुनाला होतंय का." गावाकडं ते जन्मभर उकिडवे बसलेले. आता पट्ट्यामुळं वाकता येत नाही, आणि आमच्याकडं दोन्ही संडास कमोडचे. मला ज्यांचा एवढा अभिमान होता ते.

नंतर एका सकाळी त्यांचा पायजमा खराब झाला.

अगदी पातळ. त्यांना कळायच्या आत झालेलं. नवऱ्यानं मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. "सुटलं एकदाचं. चूर्ण लागू पडलं." मलाही सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दिवसभरात पुन्हा झालं, पुन्हा झालं. थोडंथोडंसं, आणि आवरायला वेळच मिळायचा नाही. मामा पलंगावरून उठेपर्यंत झालेलं असायचं. संध्याकाळी मी कामावरून आले तर बाथरूममध्ये नळ चालू. आत मामा, कमरेला पट्टा, एका हातानं भिंत धरलेली, आणि दुसऱ्या हातानं बादलीत स्वतःचे पायजमे खळबळतायत. डॉक्टरांनी ज्याला वाकू नका म्हणून बजावलं होतं तो माणूस.

"मामा, ठेवा ते. मी मशीनला लावते."

"न्हाई. तू हात लावू नको."

"पडाल, पुन्हा मणका मोडेल."

"मोडू दे," ते म्हणाले.

मी बादली ओढून घेतली. ते तसेच भिंत धरून उभे राहिले आणि माझ्याकडं बघेनात. मला त्यांची दया यायला हवी होती. आलीही असेल, पण तेव्हा रागच जास्त होता. आठ तास उभी राहून, बसमधून धक्के खात आले होते. आणि ज्या माणसानं चार शब्द आधी बोलून टाकले असते तर यातलं काहीच झालं नसतं, तो आता मला पायजम्याला हात लावू देत नव्हता.

मेडिकलमधून नवऱ्यानं जुलाब थांबायच्या गोळ्या आणल्या. नणंदबाईंनी ताकभात आणि साबुदाण्याची पेज सांगितली. चूर्ण जास्त झालं असणार, असं त्याच आता म्हणत होत्या. सगळं बंद केलं, गोळ्या दिल्या, पेज दिली. गळणं थांबलं नाही. मामा दोन घासांवरून एका घासावर आले. लघवीला गेले तरी उभेच राहायचे, थेंबथेंब व्हायची. आणि गप्प झाले. ओरडून बोलणारा माणूस गप्प झाला की घर फार विचित्र वाटतं.

पट्टा रोज नवरा बांधायचा. त्याची पहिली पाळी लागली आणि ते काम माझ्याकडं आलं. मामा भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे, मी मागून पट्टा आणून पुढं दोन्ही टोकं एकमेकांवर ओढून चिकटवायची. एवढंच. पहिल्यांदा पट्टा आणला तेव्हा टोकावर टोक वीतभर चढायचं. दुकानदारानं लहान मापाचा घ्या म्हटलं होतं. त्या सकाळी मी ओढला तर टोकं जेमतेम भेटली. मी जरा जोर लावला तसे मामा विव्हळले. पट्टा सोडून मी सदऱ्यावरून पोटाला हात लावला. सून-सासरा हे काही तेव्हा मनात आलं नाही. पोट टणक होतं, तटतटून फुगलेलं.

मी नवऱ्याला फोन लावला. तो कंपनीत, मागं यंत्रांचा आवाज.

"मामांना पट्टा पुरत नाही."

"मग सैल बांध."

"अहो, जेवण जवळजवळ बंद आहे. जुलाब होतायत म्हणतो आपण. आत काही जात नाही आणि सारखं बाहेर पडतंय, मग पोट वाढतंय कशानं?"

"गॅस असेल."

"मी डॉक्टरकडं नेते त्यांना."

"रविवारी जाऊ ना. मी असेन."

"आज नेते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. सुपरवायझरला मेसेज टाकला, सुट्टीबद्दल काय उत्तर येतंय ते बघितलंच नाही.

रावेतला एक डॉक्टरीणबाई आहेत, माझी औषधं त्यांचीच चालतात. रिक्षावाल्याला खड्डे चुकवत हळू चालवायला सांगितलं. तरी प्रत्येक गतिरोधकाला मामा रिक्षाचा दांडा आवळून धरायचे. दवाखान्यात बाकावर सातआठ लोक बसलेले. आत गेल्यावर मामांनी बाई बघितल्या आणि मान दुसरीकडं फिरवली.

"काय त्रास होतोय, बाबा?" डॉक्टरांनी विचारलं.

"काई नाई. कमर दुखतीय."

"संडासला साफ होते का?"

त्यांना ऐकू गेलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मामा म्हणाले, "होतंय की."

माझं डोकं फिरलं. मी सगळं सांगायला सुरुवात केली. मणका, जड गोळ्या, तासन्तास आत बसणं, कोरडा इसबगोल, चूर्ण, कोरफड, खराब झालेले पायजमे, थांबायच्या गोळ्या, थेंबथेंब लघवी, न पुरणारा पट्टा. आणि मामांनाही कळावं म्हणून सगळं मोठ्यानं सांगितलं. दार लोटलेलं होतं, बंद नव्हतं; बाहेरच्यांनाही सगळं कळलं असणार. मामा मधेच म्हणाले, "कशाला उगं एवढं मोठ्यानं बोलालीस." मी थांबले नाही.

डॉक्टरांनी मला पुरतं बोलू दिलं. मग मामांच्या कानाजवळ वाकून, अगदी सावकाश विचारलं, "बाबा, पातळ होतंय ते सोडा. नीट, बांधलेली अशी शेवटची कधी झाली?"

"लेंड्यावानी येत व्हतं थोडं थोडं," ते म्हणाले. "नीट आशी... पट्टा बांदल्यापासून न्हाई."

पट्टा बांधून महिना उलटून गेला होता.

डॉक्टरांनी त्यांना पडद्याआड झोपवून तपासलं. मी बाहेर उभी. उलटी झाली का, वारा सरतो का, रक्त पडलं का, हे सगळं त्यांनी आतूनच विचारलं. वारा सरत होता, रक्त नव्हतं, उलटी नव्हती, मळमळ होती. हात धुऊन बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "हे जुलाब नाहीत. हे बद्धकोष्ठच आहे, वाढत गेलेलं. खाली मळाचा घट्ट गोळा अडकून बसलाय. वरचं पातळ त्याच्या कडेनं झिरपतंय, ते तुम्हाला जुलाब वाटतंय. त्यावर थांबायच्या गोळ्या दिल्या की आतलं आणखी घट्ट होतं. लघवीची पिशवीही त्यानंच दाबली गेलीय."

"मग चूर्ण बंद केलं ते चुकलं का?"

"वाट अडलेली असताना जोराचं चूर्ण देऊन नुसत्या कळा येतात. आणि इसबगोल कोरडा घेतला, पाणी नाही, तर तोही आत जाऊन फुगून बसतो. मूळ कारण बहुतेक दुखण्याच्या गोळ्या आहेत. त्या जातीच्या गोळ्यांनी आतडं मंदावतं. वर लोह, वर कॅल्शियम, वर झोपून राहणं. एकेकानं झालं नसतं, सगळं एकत्र आलं."

त्यांनी पोटाचा फोटो काढायला लावला आणि जवळच्याच एका हॉस्पिटलला चिठ्ठी दिली. चिठ्ठीत काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही, पण आज म्हणजे आजच जायचं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पोट असं फुगलं, उलट्या लागल्या, वाराही सरेनासा झाला तर घरी बसून काहीही द्यायचं नसतं, सरळ घेऊन यायचं, हेही.

हॉस्पिटलला नवरा शिफ्ट अर्धी टाकून आला. आधी नळी घालून लघवी काढली. मग एनिमा दिला, पुरला नाही, पुन्हा दिला, आणि शेवटी डॉक्टरांनी हातानं काढलं. मामांसाठी पुरुष डॉक्टर होते हे एक बरं झालं. दाराबाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. मामा आत काय काय म्हणत होते ते सगळं ऐकू येत होतं. नवऱ्यानं एकदा कान दाबून घेतले. मी त्याला म्हटलं, "आता ऐका." तसं म्हणायला नको होतं कदाचित. पण म्हटलं.

संध्याकाळी मामांना खोलीत आणलं. चेहरा पांढराफटक, पण पोट खाली बसलेलं. नवऱ्यानं विचारलं, कसं वाटतंय. ते म्हणाले, "भाकरी मिळंल का?" महिन्यानंतर पहिल्यांदा त्यांनी खायला मागितलं.

माझ्याशी मात्र बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, घरी आल्यावर नाही, पुढचे कितीतरी दिवस नाही. चारचौघांत मी त्यांची अब्रू काढली असं त्यांनी लेकीला फोनवर सांगितलं, दार लावून, नेहमीसारखं. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत सगळं ऐकत होते. नणंदबाई काय म्हणाल्या ते कळलं नाही, पण मामा या बाजूनं म्हणत होते, "आगं पर मोठ्यानं. समदा दवाखाना ऐकत व्हता." मला इतका संताप आला की त्या दिवशीच्या पोळ्या सगळ्या जाड झाल्या.

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. लातूरच्या डॉक्टरांना फोन करून, विचारून दुखण्याची गोळी बदलून घेतली. रक्त पुन्हा तपासून लोहाची गोळी काही दिवस थांबवली. थायरॉईड बघून झालं. रोज पाण्यात विरघळवून घ्यायची एक पावडर दिली, तिला चव अशी नाही म्हणून ती मामांना चालली. ती माझ्या समोर प्यायची, कोरफड गॅलरीतून काढून जिन्यात ठेवली. सकाळी नाश्ता झाला, गरम चहा झाला की लगेच जाऊन बसायचं, तेव्हा आतड्याला आपोआप चालना मिळते म्हणे. आणि दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं, कुंथत बसायचं नाही. पायाखाली प्लास्टिकचं बुटकं स्टूल, म्हणजे गुडघे वर येतात आणि उकिडवं बसल्यासारखं होतं. हे स्टूल त्यांना पहिल्या दिवसापासून पटलं. तेवढी एकच गोष्ट.

पोळीवरून रोज वाद. डॉक्टरांनी कोंड्यासकट पीठ सांगितलं होतं. मी चाळणी माळ्यावर टाकली. मामांनी पहिला घास चावला आणि नवऱ्याला म्हणाले, "दळण भरड आलंय. गिरणीवाल्याला दगडाला टाकी लावता येत न्हाई का?"

"कोंडा काढायचा नाही म्हणून सांगितलंय, आबा."

"कोंडा जनावराला घालतेत. मी जल्मभर लोकाला लोण्यावानी पीठ दिलं आन् मला आता कोंडा."

आणि चालणं. पट्टा बांधून इमारतीच्या पार्किंगमधून दोन फेऱ्या मारायच्या. कधी ऊन जास्त, कधी वारा, कधी वॉचमन बघतो. नवरा घरी असला की "राहू दे ना आज" म्हणायचा, आणि वर कंपनीत सगळ्यांना सांगायचा की वडिलांचं दुखणं आपण कसं वेळेवर ओळखलं. हे मला त्याच्या मित्राच्या बायकोकडून कळलं. त्यावर बोलायला बसले असते तर उठले नसते.

सगळ्यात अवघड होतं ते रोज विचारणं. विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि डॉक्टर म्हणाल्या होत्या की पुन्हा दोन-तीन दिवस कोरडे गेले तर थांबायचं नाही. पण पुन्हा तो डक्ट, पुन्हा ते ओरडणं. एका सकाळी मामा बाहेर आले, मी ओट्यापाशी डबा भरत होते. मी नुसतं त्यांच्याकडं बघितलं. तोंडातून शब्द काढायची खरंच ताकद नव्हती. त्यांनी क्षणभर मला बघितलं आणि मान हलवली. झालं. म्हणजे, झालं असं सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. न झालं तर हात हलवायचे. पुढं आम्ही दोघांनी हे कधी बोलून ठरवलं नाही, पण कुणी कुणाला त्याबद्दल विचारलंही नाही.

उन्हाळा संपता संपता पट्टा सुटला. मामांना गाव हवं होतं. नणंदबाईंकडं महिनाभर राहतो म्हणाले. मी पावडरीचे डबे, स्टूल, सगळं बांधून दिलं. स्टूल नेताना एसटीत लोक हसतील म्हणून मामांनी कटकट केली, तरी दिलं. फोनवर रोज सगळं ठीक. नणंदबाई म्हणायच्या, "इथं आल्यापासून आबा एकदम झक्कास."

महिन्यानं नवरा त्यांना आणायला गेला. संध्याकाळी घरी पोचले. मी कामावरून नुकतीच आले होते, पायातली चप्पलही काढलेली नव्हती. मामांनी हातातली पिशवी खाली ठेवली. चहाचं विचारायच्या आधी, नवरा लिफ्टमधून उरलेलं सामान आणत असताना, ते माझ्यापाशी येऊन उभे राहिले आणि त्यांच्या मानानं अगदी हळू, म्हणजे फक्त शेजारच्या घरापर्यंत जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, पुना घट्ट व्हायलंय. तीन दिस झाले."

"पावडर?"

"सोडली."

"का?"

"तितं एकजन मनला, सवय लागती. मग जल्मभर घ्यावी लागती."

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? विचारल्याशिवाय बंद करायची नाही. सांगितलं होतं का नाही?"

"सांगितलं व्हतं."

"आणि स्टूल?"

"नातवंडं खेळाय घेऊन गेली."

मी डोक्याला हात लावला. त्यांच्याकडं बघितलं. एसटीच्या प्रवासानं अंग धुळीनं माखलेलं, आणि तोंडावर अपराधी भाव असा काही नव्हता. मला सांगितलं, आता तू बघ, एवढाच भाव होता. पोट दाबून बघू का विचारलं तर त्यांनी स्वतःच सदरा वर केला. मऊ होतं. वारा सरतोय, भूक आहे, मळमळ नाही, रक्त नाही, सगळं न विचारता सांगून टाकलं. मी रावेतला फोन लावला. डॉक्टरांनी दोन दिवस पावडर वाढवून द्यायला सांगितली, आणि नाहीच झालं तर घेऊन या म्हणाल्या.

मी मोठा पेला भरला, पावडर घातली, ढवळली आणि त्यांच्या हातात दिली. ते एका दमात प्यायले.

"आता आणखी एक, साधं पाणी," मी म्हटलं.

"आगं, आत्ताच तर पिलो."

"प्या," मी म्हटलं, आणि ते पिऊन होईपर्यंत तिथून हलले नाही.